छातीतला कौल

सोमवार, १७ जानेवारी २०३९

घटना: तुम्ही दिलेली वही उघडली.
आकडा: ३१
अंगात काय जाणवलं: वैताग.
मनात आलेला विचार: या वहीत पाच रकाने आहेत आणि एकातही माझी पूर्ण ओळ मावत नाही.
तो विचार कितपत खरा: शंभर टक्के. पट्टीने मोजून बघा.

कामत मॅडम, तुम्ही म्हणालात, आकडा चढला किंवा धास्ती वाटली की पाच मिनिटं बसायचं आणि हे रकाने भरायचे. भीती कागदावर आली की तिचा आकार कळतो, असंही म्हणालात. कबूल. पण मी रकान्यांच्या बाहेर लिहिणार आहे. चालत नसेल तर पुढच्या वेळी समुपदेशनाला गोव्याला येईन तेव्हा ओरडा.

तुमच्याकडे माझी फाइल आहे. वृषाली सुहास धुरी, वय ५१, कुडाळ, तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज, मग हृदय बंद पडणं, मग डिफिब्रिलेटर. सगळं खरं आहे, पण त्यातून काही कळत नाही. म्हणून एकदा माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या मोटरची तार काढायची, नवी भरायची. पंचवीस वर्षं तेच करतेय.

तीन फेजची मोटर असते. तिन्ही फेज आपापल्या वेळेला, ओळीने येतात म्हणून ती फिरते. चालत्या मोटरचा एक फेज गेला आणि ती थांबली, की पुन्हा सुटत नाही. जागच्या जागी घूं घूं करत थरथरते. वीज आत जातेय, मोटर तापतेय, पाणी मात्र वर चढत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या हृदयाचं तसंच झालं. तापात सूज आली, उतरली, पण तिथे वण राहिला. वणातून करंट सरळ जात नाही, वळसा घेतो. कधी कधी त्या वळशातच गोल फिरत राहतो. मग हृदय नुसतं थरथरतं आणि माणूस पडतो.

मी दुकानातच पडले. सुहास, म्हणजे माझा नवरा, जेवणाचा डबा घेऊन आला होता. तो शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. छाती कशी दाबायची याचं शिक्षण शाळेत सगळ्यांना दिलं होतं, आणि मन लावून ऐकणारा तो एकटाच असणार. माझी एक बरगडी मोडली आणि मी वाचले.

आता डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली एक डबी बसवली आहे. तिची तार हृदयात गेली आहे. ठोका भरकटला की डबी आधी हलकेच टोचून त्याला रांगेत आणायला बघते. ते नाही जमलं तर शॉक देते. स्टार्टर पाडून पुन्हा चढवावा तसं. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. मी स्वतः त्याहून चांगलं काही बनवू शकले नसते.

तक्रार आहे ती अंदाजाची. जुन्या डब्या हृदय बिघडल्यावर काम करत. ही नवी डबी आधीच सांगते. लाखो लोकांचे ठोके तिला शिकवलेत. दोन ठोक्यांमधलं अंतर, श्वास, अंगाचं तापमान, झोप, सगळं जमवून ती पुढच्या सहा तासांत ठोका भरकटण्याचा धोका शून्य ते शंभर अशा आकड्यात मांडते. आणि तो फोनवर दाखवते. आता ऐका. मी घाबरले की आकडा चढतो. आकडा चढलेला पाहिला की मी घाबरते. म्हणून तो आणखी चढतो. मोटर तापली की वीज तोडणारा एखादा ओव्हरलोड रिले स्वतःचाच आवाज ऐकून तापायला लागला, तर तो मी दुसऱ्या दिवशी कंपनीला परत पाठवीन.

यात भर म्हणजे तो आकडा फक्त मला दिसत नाही. 'काळजीवाहू मंडळ' म्हणून एक सोय आहे. तिच्यात सुहास आहे, मुलगी ओवी आहे आणि जगूभावोजी आहेत. चाळीसच्या वर गेला की चार फोन एकदम वाजतात.

मंगळवार, १८ जानेवारी

घटना: भोपळ्याची भाजी.
आकडा: ४२
मनात आलेला विचार: भोपळ्याचा काही दोष नाही.

काल रात्रीच्या जेवणात मी भोपळ्याचा पहिला घास घेतला आणि बाहेर हायवेला ट्रकचा टायर फुटला. चार फोन वाजले. आज सकाळी सुहासने उरलेला भोपळा शेजारी देऊन टाकला.

त्याने फ्रिजवर एक तक्ता लावला आहे. लॅमिनेट केलेला. तीसपर्यंत हिरवा, काही करू नये. तीस ते पन्नास पिवळा, विषय बदलावा. पन्नासच्या वर लाल, बसवावे, पाणी द्यावे, बोलू देऊ नये. खाली लहान अक्षरात तुमच्या हॉस्पिटलच्या सूचना: एक शॉक बसला आणि बरं वाटत असेल तर फोन करावा, लागोपाठ दोन बसले किंवा बरं वाटत नसेल तर तडक हॉस्पिटल.

सुहास आणि मी एकाच वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलं नाही. सत्तावीस वर्षं आम्ही रीतसर भांडलो. आता मी म्हणते, "मोरीतला दिवा पुन्हा चालू ठेवलास." तो म्हणतो, "चुकलं माझं." परवा मी मुद्दाम त्याच्या आत्याला नावं ठेवली. तो हसून म्हणाला, "खरंय तुझं." मॅडम, या माणसाने आत्यावरून माझ्याशी चार-चार दिवस अबोला धरलेला आहे. मी हयात आहे की माझा फोटो लावून झालाय, हे मला कोणीतरी सांगा.

भावोजींची तऱ्हा वेगळी. ते सुहासचे थोरले भाऊ, शेजारच्या घरात राहतात, गावच्या देवळात मानकरी आहेत. आमच्या गावात काही मोठं ठरवायचं झालं की देवाला कौल लावतात. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी त्याला नावं ठेवत नाही. माझं लग्नही तसंच ठरलं. पण पाकळीचं काम एकदा पडली की संपतं. मला रोज सकाळी सात वाजता कुंपणापलीकडून हाक येते, "गो वृषाली, आज किती?" मटक्याचा धंदा असल्यासारखं.

गेल्या रविवारी मी अंगणात कालवणासाठी सुंगटं सोलत होते. भावोजी म्हणाले, "मागच्या पडवीक पत्रे घालूया काय?"

"नको भावोजी, उकडेल."

त्यांनी खिशातून फोन काढून बघितला. "आकडो हललो नाय. म्हणजे होय."

"मी नको म्हणाले."

"तोंड काय, कायय बोलता. काळीज खोटा बोलाचा नाय."

पत्रे गुरुवारी येणार आहेत.

बुधवार, १९ जानेवारी, दुपारी दोन

घटना: जेवताना ओवी बोलली.
आकडा: ५८
अंगात काय जाणवलं: विचारूच नका.
मनात आलेला विचार: खाली लिहिते.

ओवी चोवीस वर्षांची आहे. इलेक्ट्रिकलची इंजिनिअर. पुण्यात नोकरीला होती, मी पडले म्हणून सोडून आली. चालत्या मोटरपासून मी हातभर लांब राहायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून दुकान आता तीच बघते. तार मी भरते, मोटर चालवून तपासते ती.

आज भात वाढून घेता घेता ती म्हणाली, "आई, डेन्मार्कच्या त्या कंपनीने घेतलंय मला. समुद्रातल्या पवनचक्क्या आहेत ना, त्यांच्या जनरेटरचं काम. दोन वर्षं."

जनरेटर म्हणजे उलट्या कामाला लावलेली मोटरच. ओवीने सातवीत असताना माझ्या दुकानात पहिली कॉइल भरली, अर्ध्या एचपीच्या पंपाची. ती दोनदा उसवायला लावली मी. आता त्याच कामासाठी तिला आमच्या घराएवढ्या यंत्राच्या पोटात उतरवणार होते. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि त्याच क्षणाला मनात आलं, ही इथे नसताना मी पडले तर. दोन्ही एकदम आलं. मी "अगं" एवढंच म्हणाले आणि चार फोन वाजले.

सुहास तक्त्याप्रमाणे वागला. "या वर्षी आंब्याला मोहोर लवकर आलाय, नाही?"

भावोजी आमच्याकडे जेवायला होते. त्यांनी आकडा वाचला, फोन उपडा ठेवला. "डावो पडलो."

"मी तसंही जाणार नव्हतेच," ओवी म्हणाली. "आलंय ते सांगितलं फक्त."

मी तोंड उघडलं, तर सुहासने त्यात पाण्याचा पेला लावला. "पन्नासच्या वर आहे. बोलू नकोस."

आकडा छत्तीसवर उतरेपर्यंत ताटं घासून झाली होती. ओवी दुकानात निघून गेली होती.

बुधवार, दुपारी साडेचार

घटना: शॉक बसला.
आकडा: ३५
अंगात काय जाणवलं: शॉक बसल्यासारखं.

मशीनच्या नोंदीत शॉक नाही. मी तीनदा तपासलं. पलंगावर पडले होते, डोळा लागत होता, आणि छातीत धाडकन बसला. मी उठून बसले, घामाने भिजले होते. डबी म्हणते, मी काही केलेलं नाही.

याला खोटा शॉक म्हणतात, बऱ्याच जणांना बसतो, हे तुम्ही सांगितलंय. खरा मला एकदाच बसलाय, नोव्हेंबरमध्ये, विळीवर नारळ खवत असताना. तेव्हापासून मी विळीवर बसलेले नाही. विळीचा काही संबंध नाही हे मला समजतं. पण विळी दिसली की हात मागे जातात. नारळ मिक्सरमध्ये घालून हात लांब करून फिरवते. सोलकढीला चव राहिलेली नाही, आणि कोणी तसं बोलून दाखवतही नाही.

गुरुवार, २० जानेवारी, सकाळ

तुम्ही फोनवर सांगितलंत, ते मंडळ बंद करा. करून बघितलं. होत नाही. बंद करायचं तर मंडळातल्या सगळ्यांची संमती लागते, म्हणे पेशंट घाबरून चुकीचा निर्णय घेऊ शकतो. सुहासने संमती दिली नाही, आणि वर 'चुकलं माझं' असंही म्हणाला नाही. भावोजींना विचारलं नाही. ते पत्रे उतरवून घेत होते.

मग मी माझा उपाय काढला. भीती वाटते त्या गोष्टीचा थोडा थोडा सराव करा, असं तुम्हीच शिकवलंत. म्हणून दुकानात गेले, ओवी वॉर्निश आणायला गेली होती, आणि टेबलावर उघडून ठेवलेल्या एका पाच एचपीच्या मोटरला म्हणाले, "डेन्मार्क."

४४.

"डेन्मार्क. दोन वर्षं."

४३.

लांब श्वास, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. "ओवी डेन्मार्कला चालली आहे." ४१. "समुद्रात." ४५. परत पहिल्यापासून. एक गिऱ्हाईक दारात उभं होतं, ते कधी आलं मला कळलं नाही. म्हणालं, "वयनी, माझी मोटर झाली काय?" मी म्हटलं, उद्या. ते गेलं. पाऊण तासात मी ती पूर्ण वाक्यं ३४ वर म्हणू शकत होते. मला इतकं भारी वाटलं की ३६ झाला.

गुरुवार, दुपार, तिथेच

घटना: ओवी परत आली.
आकडा: ३४, ३९, ४६, ५१

शब्दाचा सराव झाला होता. ओवीच्या चेहऱ्याचा झाला नव्हता.

ती मोटरच्या स्टेटरच्या खाचांमध्ये कागदाच्या पट्ट्या सरकवत होती. फोन समोर उभा करून ठेवलेला. मी म्हणाले, "त्यांना काय कळवलंस?"

"नाही म्हणून लिहून ठेवलंय. पाठवलं नाही अजून. उद्या अडीचपर्यंत वेळ आहे, तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा."

"पाठवू नकोस. तू जा."

तिने फोनकडे पाहिलं. "एकोणचाळीस."

"माझ्याकडे बघ."

"बघतेय."

"फोनकडे बघतेयस. ओवी, मी तोंडाने सांगतेय, तू जावंस असं मला वाटतं."

"सेहेचाळीस. आई, प्लीज, बस तू."

"त्या डबीवर विश्वास आहे आणि माझ्यावर नाही?"

ती पट्टी खाली ठेवून माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

"ऑगस्टमध्ये मी पुण्याहून फोन केला होता. तुला विचारलं, दम का लागतोय. तू म्हणालीस, काही नाही, जिना चढले. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तू म्हणालीस, मला कसलाही त्रास नाही, तू तुझं काम बघ. तिसऱ्या दिवशी बाबांनी तुझी बरगडी मोडली." मग म्हणाली, "तू मला 'मी ठीक आहे' सोडून कधी काही सांगितलंच नाहीस. ही डबी सांगते. मग मी कोणाचं ऐकू?"

तिचं खरं होतं, मॅडम. छातीत तेव्हा आठ दिवस पाखरं फडफडत होती आणि मी कोणाला बोलले नव्हते. दुकान बंद ठेवायला लागेल म्हणून.

५१. चार फोन. तिने मला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं.

शुक्रवारची नोंद, शनिवारी सकाळी लिहिते आहे. काल जमलं नाही.

रकाने सोडून देते.

शुक्रवारी सकाळी सात वाजता भावोजी हाक न मारता आत आले. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून. म्हणाले, परवाचो कौल तसो अर्धवट. बाई जेवत होती, पोरीन मधेच विषय काढलो, तसो खंय कौल असता? "आज नीट विचारूया. तीनदा. देवळात करतत तसा." तिन्ही वेळा चाळीसच्या आत राहिला तर ओवी जाईल. एकदा जरी वर गेला तर नाही.

मला वाटलं, सुहास तरी हसेल. तो म्हणाला, "जेवणानंतर तासाभराने करू. पोट भरलेलं असलं की आकडा जरा वर असतो." मला वाटलं, ओवी तरी चिडेल.

"मला मान्य आहे," ओवी म्हणाली.

"तू इंजिनिअर आहेस ना गं?"

"म्हणूनच. मोजमाप आहे ते, आई."

मला कोणी विचारलं नाही. पाषाणाला विचारत नाहीत.

पावणेदोनला मला मधल्या खोलीत खुर्चीत बसवलं. पंखा दोनवर. दहा मिनिटं गप्प बसवलं, त्यात मी चार आत, सहा बाहेर करून आकडा २९ वर आणला. खोटं कशाला बोलू, मलाही तो पास व्हायला हवा होता. मी परीक्षेला बसल्यासारखी बसले होते. ओवी समोर जमिनीवर, फोन मांडीवर. सुहास माझ्या मागे, पेला घेऊन. भावोजींनी हात जोडले, देवळात गाऱ्हाणं घालतात त्या सुरात गावाचं, घराचं नाव घेतलं, आणि विचारलं, पोर परमुलखात जावची की नाय.

३७.

"उजवो," भावोजी म्हणाले. मला ओवीच्या खांद्यांकडे बघवेना. ते जरासे वर आले होते.

दुसऱ्यांदा विचारलं. मी श्वास मोजत होते, पण डोळे तिच्यावर होते, आणि ती फोनवर वाकून ओठ हलवत होती. लहानपणी गणिताचा पेपर हातात पडायच्या आधी करायची तसं. तिला जायचं होतं. किती जायचं होतं हे मला पहिल्यांदा दिसलं, आणि ती ते माझ्या छातीकडून मागत होती.

४७. चार फोन.

ओवीने मान खाली घातली. "झालं," ती म्हणाली. "मी पाठवून टाकते."

मी उभी राहिले.

"आता मी बोलते," मी म्हणाले.

"वृषाली, बस. बावन्न," सुहास म्हणाला.

"पाणी खाली ठेव, सुहास."

"बोलू नकोस ना."

"चार महिने बोलले नाही. भावोजी, तुम्ही फोन खिशात घाला. ओवी, ऐक. मला भीती वाटते. सकाळी उठल्यापासून वाटते. नारळ बघून वाटते. तू गेलीस की आणखी वाटणार आहे. ही डबी जे दाखवतेय ते खरं आहे, पण तिने..."

"एकसष्ट," सुहास म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

"पण तिने मला हे विचारलंच नाही की..."

एवढ्यात पाखरं आली. ओळखली मी. खोली जरा लांब गेली, पंख्याचा आवाज बारीक झाला. मला एवढंच वाटलं की वाक्य अर्धं राहतंय, आणि भयंकर राग आला.

मग शॉक बसला.

मॅडम, पंचवीस वर्षांत मी दुकानात जेवढे शॉक खाल्ले, ते सगळे कोणीतरी एकत्र करून आतून दिले असं समजा. हे काही नसतं असं मी लिहिणार नाही. ते भयंकर असतं. पण ते क्षणभर असतं, आणि नंतर मी जमिनीवर होते, पाठीला खुर्ची होती, सुहासचा हात मानेखाली होता, आणि छाती नेमाने चालू होती. ठक, ठक, ठक. नवी बेअरिंग टाकलेल्या पंपासारखी.

"देवान सांगल्यान," भावोजी म्हणाले. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. "ह्याच्यापेक्षा आणखी काय सांगूचा?"

"देवाने नाही भावोजी," मी म्हणाले. जीभ जड झाली होती. "ही डबी आहे. डेन्मार्क कुठे आहे ते तिला ठाऊक नाही. ठोका भरकटला, तिने जागेवर आणला. तिचं काम झालं."

सुहासने हॉस्पिटलला फोन लावला होता. तिकडच्या नर्सने विचारलं, किती शॉक, शुद्ध आहे का, दम लागतोय का, छातीत दुखतंय का. एक, आहे, नाही, शॉक बसला तिथे दुखतंय. ती म्हणाली, नोंद आलीय, डॉक्टर बघतील, आज आराम करा, परत बसला तर लगेच निघा. सुहासने 'हो हो' म्हणत ते सगळं तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. मग फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, आणि या माणसाने चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला.

"सांगत होतो ना बस म्हणून. ऐकायचं म्हणून नाही कधी. शाळेपासून अशीच आहेस."

"आणि तू शाळेपासून मधे बोलतोस," मी म्हणाले. "याच गोष्टीला सगळे घाबरत होतात ना? बसला शॉक. झालं. आता माझं बोलणं पुरं करू दे."

तो मटकन खाली बसला, माझ्या शेजारी, जमिनीवर.

ओवी फोन बघत होती. पडद्यावर आकडा नव्हता. नुसती एक आडवी रेघ आणि खाली लिहिलेलं: शॉकनंतर पुनर्मापन सुरू आहे, पंधरा मिनिटे. तिने पडदा पुसला, पुन्हा पाहिलं. रेघच होती. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मग तिने मान वर केली. तिच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

"दुखतंय?" तिने विचारलं.

मी 'नाही' म्हणणार होते. तोंडात आलाच होता तो शब्द.

"हो," मी म्हणाले. "इथे, डबीच्या खाली. आणि डावा हात मुंग्या आल्यासारखा झालाय. तोंडाला तांब्याची चव आहे. लघवीला लागलीय आणि उठायची भीती वाटतेय."

ती सरकून जवळ आली. "अजून?"

"परत बसेल असं वाटतंय. दर ठोक्याला वाटतंय. ऑगस्टमध्ये आठ दिवस फडफड होत होती, मी तुला खोटं सांगितलं. बुधवारी मला नसलेला शॉक बसला, तेही सांगितलं नाही. तू पुण्याहून परत आलीस तेव्हा मला बरं वाटलं, आणि त्याची लाज वाटते. तू गेलीस की मी रोज दुपारी तुझ्या फोनची वाट बघत बसेन, आणि आला नाही तर चिडेन. हे सगळं होणार आहे. आणि तू जा. मला विचारलंस तर माझं उत्तर जा असं आहे."

"घाबरून सांगतेयस."

"घाबरूनच सांगतेय. न घाबरता कधी सांगू? मला आता तशी वेळ मिळणार नाही."

भावोजींनी हात सोडले. उठून त्यांनी माझ्या अंगावर चादर घातली, पायांवर सारखी केली.

मी सांगत होते. ती विचारत होती, अजून, अजून काय. डॉक्टर तपासतात तसं नाही, दुकानात मोटर जळून येते तेव्हा आम्ही गिऱ्हाइकाला विचारतो तसं, आवाज कसा येत होता, वास कधीपासून. मी तिला विळीचंसुद्धा सांगितलं.

चार फोन एकदम वाजले.

"आला," सुहास म्हणाला आणि चष्मा शोधायला लागला. "आकडा आला. थांबा हं, चौ..."

"बाबा, थांबा," ओवी म्हणाली. "आई बोलतेय."

त्याने फोन खाली ठेवला. मी बोलले. बोलून संपलं तेव्हा दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती. ओवीने लिहून ठेवलेलं पत्र उघडलं, पुसलं, नवीन तीन ओळी लिहिल्या आणि मला मराठीत करून वाचून दाखवल्या. 'येते' असं होतं, आणि एप्रिलच्या आधी जमणार नाही असंही.

"पाठवू?" तिने माझ्याकडे बघत विचारलं.

मी म्हटलं, पाठव, आणि आधी मला मोरीपर्यंत धरून ने.